जीव पणाला लावण्याचा हिशेब

मित्रांची बैठक रंगली की कधीतरी हा प्रश्न निघतोच. पाच कोटी रुपये मिळणार असतील, तर जिवावरची जोखीम घ्याल का? कुणी पटकन हो म्हणतं. कुणी बायकामुलांकडे पाहून नको म्हणतं. मग कुणीतरी रक्कम वाढवतं, पाचाचे पंचवीस होतात, आणि बोलणं पैशांभोवतीच फिरत राहतं. या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची संख्या मात्र बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. मरण्याची शक्यता किती? दहात एक, हजारात एक, की दहा लाखांत एक? ते कळल्याशिवाय पाच कोटी पुष्कळ की थोडे, हे सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी माणसांनी निर्णय कसे घ्यावेत याचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८०च्या सुमारास त्यांनी हाच प्रश्न एका काल्पनिक गोळीच्या रूपात मांडला. तुमच्यासमोर एक काळी गोळी आहे. ती गिळली तर दहा हजारांत एक शक्यता अशी, की तत्काळ आणि वेदनेविना मरण येईल. उरलेल्या ९,९९९ वेळा काहीही होणार नाही. किती पैसे मिळाले तर गिळाल? उत्तर आलं की हॉवर्ड शक्यता बदलतात. हजारात एक असेल तर? शंभरात एक? दहात एक?

यातून जे दिसतं ते फार बोलकं आहे. धोका अगदी बारीक असतो तोवर माणूस सरळ हिशेब करतो. धोका दुप्पट झाला की तो दुप्पट पैसे मागतो. पुढे मात्र मागणी धोक्यापेक्षा वेगाने चढू लागते आणि एका टप्प्यानंतर कितीही मोठी रक्कम पुरत नाही. कारण उघड आहे. मिळालेला पैसा वापरायला आपण जिवंत असलो पाहिजे. मेल्यावर पाच कोटी काय आणि पाचशे कोटी काय. म्हणून एकच माणूस लहान धोका विकतो आणि मोठा धोका विकायला साफ नकार देतो, यात कसलीही विसंगती नाही. ‘जीव अनमोल आहे’ म्हणणारा आणि ‘थोडी जोखीम घेतल्याशिवाय पोट भरत नाही’ म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात. ते फक्त वेगवेगळ्या आकाराच्या धोक्यांबद्दल बोलत असतात.

लहान धोके मोजायला हॉवर्ड यांनी एक मापही दिलं. दहा लाखांत एक मृत्यूची शक्यता म्हणजे एक ‘मायक्रोमॉर्ट’. हे माप आपल्या रोजच्या जगण्याला लावून पाहू. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १२० मायक्रोमॉर्ट येतात, म्हणजे दर तीन दिवसांना एक. ही झाली सरासरी. त्या मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. दिवसभर दुचाकी दामटत घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या मुलाचा आकडा घरात बसून पार्सलाची वाट पाहणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असणार. त्याच्या प्रत्येक फेरीच्या पैशांत त्या धोक्याची मजुरी धरलेली आहे की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

म्हणजे जोखीम विकावी की विकू नये, हा प्रश्न उरतच नाही. आपण सगळेच ती विकतो आणि विकतही घेतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. धोका किती आहे हे त्याला सामोरं जाणाऱ्याला ठाऊक आहे का, तो कमी करणं त्याच्या हातात आहे का, आणि ‘मला नको’ म्हणून तो निघून जाऊ शकतो का? पैशांचा सौदा खरा की खोटा हे यावर ठरतं. रकमेचा नंबर त्यानंतर लागतो.

या तिन्ही गोष्टी हातात असलेल्या माणसाचं एक गाजलेलं उदाहरण आहे. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलं चालवणारे रेमंड ऑर्टीग हे मूळचे फ्रान्सचे. १९१९ साली त्यांनी जाहीर केलं, की न्यूयॉर्क आणि पॅरिस यांमधलं अंतर कुठेही न थांबता विमानाने पार करणाऱ्याला २५,००० डॉलर मिळतील. मुदत होती पाच वर्षं. तेव्हाच्या विमानांची ताकदच इतकी कमी होती, की त्या पाच वर्षांत कुणी धड प्रयत्नही केला नाही. ऑर्टीग यांनी बक्षीस पुन्हा जाहीर केलं. तोवर इंजिनं सुधारली होती.

सप्टेंबर १९२६मध्ये पहिल्या महायुद्धातले नामवंत फ्रेंच वैमानिक रने फाँक तीन इंजिनांचं मोठं विमान घेऊन न्यूयॉर्कहून निघाले. विमानात वाजवीपेक्षा जास्त वजन होतं. ते धावपट्टीवरून उठलंच नाही, पुढे कोसळलं आणि पेटलं. चौघांपैकी दोघे गेले, फाँक वाचले. एप्रिल १९२७मध्ये डेव्हिस आणि वूस्टर हे दोन अमेरिकन वैमानिक चाचणीच्या उड्डाणातच मेले. मे महिन्यात नुंजेसेर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून निघाले. त्यांचा पुढे काहीच पत्ता लागला नाही. सहा माणसं गेली, तरी बक्षीस जागच्या जागीच होतं.

त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, २० मे रोजी सकाळी चार्ल्स लिंडबर्ग निघाला. वय पंचवीस, टपाल वाहून नेणारा वैमानिक. त्याआधी हवेतच विमान सोडून पॅराशूटने उतरण्याची वेळ त्याच्यावर चारदा आली होती. तो बेदरकार होता असा समज सहज होतो. प्रत्यक्षात, धोका कुठून येतो याचा त्याच्याइतका बारीक विचार इतर स्पर्धकांपैकी कुणी केल्याचं दिसत नाही. इतर बरेच जण तीन इंजिनं लावत होते, त्याने एकच लावलं. इंधनाने काठोकाठ भरलेल्या विमानाचं तीनपैकी कुठलंही इंजिन सुरुवातीला बंद पडलं तर विमान जाणारच, मग तीन इंजिनं म्हणजे बिघाडाच्या तीन जागा, असा त्याचा हिशेब होता. सोबतीला दुसरा वैमानिक घेतला नाही, त्या वजनाचं इंधन घेतलं. रेडिओ नाही, पॅराशूट नाही. नकाशांचे नको ते भागसुद्धा त्याने कापून टाकले. इंधनाची मुख्य टाकी स्वतःच्या पुढे बसवली. समोरचं दिसणं त्यामुळे बंद झालं, पण विमान आदळलं तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये चिरडून मरण्याची शक्यता टळली.

साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला. एवढा हिशेब करूनही एक धोका त्याच्या मुळावर उठला होता. तो म्हणजे झोप. निघण्याच्या आदल्या रात्री त्याला झोप मिळाली नव्हती आणि अटलांटिकवर बराच काळ त्याची खरी झुंज स्वतःच्या पापण्यांशी चालली होती.

लिंडबर्गची गोष्ट सांगताना ‘धाडस केलं म्हणून यश मिळालं’ असं म्हणणं फार सोपं असतं. पण धाडस त्या सहा जणांनीही केलं होतं. २५,००० डॉलरांचा धनादेश एकालाच मिळाला आणि आपल्याला नाव आठवतं तेही एकाचंच. मोठ्या बक्षिसाबद्दल हे कायम लक्षात ठेवावं लागतं. जिंकलेला माणूस समोर उभा असतो, त्याची छायाचित्रं असतात, तो बोलतो. गेलेले बोलत नाहीत. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला धोका असतो त्यापेक्षा लहान आणि लाभ असतो त्यापेक्षा जवळचा वाटतो.

अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी ही गोष्ट १७७६ साली आलेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात नोंदवली आहे. माणूस लाभाची शक्यता फुगवून धरतो आणि हानीची शक्यता कमी लेखतो, आणि तरुणपणी तर हे फारच होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गरीब घरातल्या आईचं उदाहरण दिलं आहे. मुलाला बंदराच्या गावातल्या शाळेत घालायला ती घाबरते. जहाजं पाहून आणि खलाशांच्या गोष्टी ऐकून तो समुद्रावर निघून जाईल, ही तिची भीती. याच प्रकरणात स्मिथ यांनी मजुरीचा एक नियमही सांगितला. काम जितकं कष्टाचं, घाणेरडं किंवा आरोग्याला घातक, तितकी त्याची मजुरी जास्त असायला हवी, नाहीतर ते करायला माणूस मिळणार नाही. पण त्यात त्यांनी एक फरक केला आणि तो मला विलक्षण वाटतो. ज्या धोक्यातून आपण धैर्याने, चलाखीने निसटू असं माणसाला वाटतं, त्या धोक्यामुळे मजुरी वाढत नाही. जिथे धैर्याचा काही उपयोग नाही, जसं विषारी कामात, तिथेच ती वाढते. खलाशी स्वस्तात मिळतो, कारण प्रत्येक खलाशाला वाटतं की आपण बुडणार नाही.

स्मिथ यांच्या या नियमावर पुढे अर्थशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली. १९६८ साली अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी विचारलं, की सरकार रस्ता सुरक्षित करायला पैसे खर्च करतं, तेव्हा वाचणाऱ्या जिवाची किंमत काय धरायची? त्यांचं उत्तर असं, की एखाद्या विशिष्ट माणसाच्या जिवाला भाव लावूच नका. बारीकसा धोका टाळायला पुष्कळ माणसं प्रत्येकी किती मोजायला तयार आहेत, ते पाहा. समजा एका कारखान्यात दहा हजार कामगार आहेत आणि वर्षाला त्यांतला एक अपघातात जातो. कोण जाणार ते आधी कुणालाच माहीत नाही. ही जोखीम घेतल्याबद्दल प्रत्येकाला वर्षाला १,५०० रुपये जादा मिळत असतील, तर सगळ्यांचे मिळून दीड कोटी होतात. एका जिवामागे बाजाराने लावलेला हा आकडा. मुंबई आणि चेन्नईतल्या कामगारांच्या मजुरीचा असा अभ्यास या शतकाच्या सुरुवातीला झाला, त्यात आकडा दीड कोटी रुपयांच्याच आसपास आला. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ साठी हाच आकडा १.३२ कोटी डॉलर धरला होता.

या दोन आकड्यांकडे पाहून राग येतो आणि तो यायलाच हवा. पण हे आकडे जिवाची योग्यता मोजत नाहीत. माणसाच्या खिशात काय आहे, तेच ते मोजतात. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच दाखवलं होतं, की तोच एक रुपया गरिबाला श्रीमंतापेक्षा कितीतरी जास्त मोलाचा असतो. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटण्याची खात्री नाही, त्याला १,५०० रुपयेही मोठे वाटतात, म्हणून तो आपली जोखीम स्वस्तात विकतो. त्याला स्वतःचा जीव कमी प्यारा आहे असं कुणी यावरून म्हटलं, तर ते धादांत खोटं आहे.

हे सगळं सर्वांत लख्ख दिसतं ते एव्हरेस्टच्या पायथ्याशी. नेपाळच्या बाजूने चढताना बेस कॅम्प सोडला की लगेच खुंबूचा हिमप्रपात लागतो. डोंगरावरून उतरणारी हिमनदी इथे तुटते, तिचे इमारतीएवढे तुकडे होतात आणि ते सतत सरकत असतात. दर हंगामाआधी शेर्पांची एक तुकडी या भागात दोर बांधते, भेगांवर अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या टाकते. त्यांना ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात. मग बाकीचे शेर्पा तंबू, अन्न आणि प्राणवायूच्या बाटल्या वर वाहून नेतात. पैसे भरून आलेला गिर्यारोहक हा भाग एका हंगामात मोजक्याच वेळा पार करतो. सामान वाहणाऱ्या शेर्पाला तो कितीतरी जास्त वेळा, तेही पाठीवर ओझं घेऊन, पार करावा लागतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेच्या मुलांनी २०१२ साली एव्हरेस्ट सर केलं आणि महाराष्ट्राने त्या मुलांना डोक्यावर घेतलं, ते योग्यच होतं. अशा प्रत्येक यशाखाली शेर्पांच्या या फेऱ्या असतात.

१८ एप्रिल २०१४च्या सकाळी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून बर्फाचा प्रचंड कडा सुटला आणि हिमप्रपातातल्या वाटेवर कोसळला. १६ माणसं मेली. सगळी नेपाळी, सगळी कामावर असलेली. परदेशी ग्राहक त्यांत एकही नव्हता. तातडीची मदत म्हणून सरकारने प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, म्हणजे तेव्हाचे साधारण ४०० डॉलर. तेव्हा एव्हरेस्टचा नुसता परवाना माणशी दहा हजार डॉलरांच्या घरात होता. शेर्पांचा संताप उसळला. बेस कॅम्पवर सभा झाल्या, मागण्यांची यादी झाली, आणि त्या बाजूचा तो हंगाम शेर्पांनी कामाला नकार दिल्यामुळे जवळजवळ संपूर्ण बंद पडला. आयुर्विम्याची किमान रक्कम पुढे १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये करण्यात आली. पुढच्या वर्षी हिमप्रपातातली वाटही त्या कड्यापासून दूर, मधल्या भागाकडे सरकवण्यात आली.

कुणी विचारेल, शेर्पा हे काम करतातच का? कारण त्या दोन महिन्यांत अनुभवी शेर्पा काही हजार डॉलर कमावतो, आणि नेपाळमध्ये माणशी सरासरी उत्पन्न तेव्हा वर्षाला हजार डॉलरही नव्हतं. या पैशांतून घरं झाली, मुलं काठमांडूत शिकली. हा सौदा मूर्खपणाचा मुळीच नाही. त्यात एक सापळा मात्र आहे, आणि तो साध्या गणिताचा आहे. समजा एका हंगामात मरण्याची शक्यता दोनशेत एक आहे. तरुण माणसाला ती नगण्य वाटते आणि पैसे खरोखर चांगले असतात. पण दुसऱ्या वर्षी फी भरायची असते, तिसऱ्या वर्षी घराचं कर्ज फेडायचं असतं. असे वीस हंगाम केले, तर एकूण शक्यता साडेनऊ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळजवळ दहात एक. हॉवर्ड यांनी दहात एक शक्यतेची गोळी एकदम पुढे केली असती, तर बहुतेकांनी ती भिरकावून दिली असती. तीच गोळी वीस तुकडे करून वीस वर्षांत गिळली जाते आणि प्रत्येक तुकडा गिळताना तो लहानच असतो.

थामे हे खुंबू भागातलं एक छोटं गाव. एव्हरेस्ट २१ वेळा सर करणारे आपा शेर्पा तिथले, आणि मे २०२५मध्ये एकतिसाव्यांदा माथा गाठणारे कामी रिता शेर्पाही तिथलेच. आपा बारा वर्षांचे असताना वडील वारले, शाळा सुटली आणि ओझी वाहणं सुरू झालं. जगभर नाव झाल्यावर त्यांनी संस्था काढली ती खुंबूतल्या मुलांच्या शिक्षणासाठी, म्हणजे डोंगर चढायचा की नाही हे त्या मुलांना स्वतः ठरवता यावं यासाठी. या धंद्यातला सर्वांत यशस्वी माणूस मिळवलेलं नाव मुलांना नकार देता यावा म्हणून वापरतो, यापेक्षा त्या सौद्याबद्दल आणखी काय सांगायला हवं?

शेर्पाला निदान धोका डोळ्यांना दिसतो. बर्फ तडकल्याचा आवाज ऐकून तो मागे फिरू शकतो, आणि २०१४ साली सगळे मिळून ‘नाही’ म्हणू शकले. काही कामांत यातलं काहीच नसतं. मे २०२१मध्ये ताउक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा बार्ज (मोठा तराफा) २६१ माणसांसह उभा होता. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. हा बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून ८६ जण गेले. समुद्रातल्या कामाचे पैसे जमिनीवरच्या कामापेक्षा बरे असतात, म्हणून वेल्डर, फिटर, स्वयंपाकी तिथे गेले होते. त्यांनी समुद्रावरच्या नेहमीच्या धोक्याला होकार दिला होता. वादळात तिथेच राहायचं की किनाऱ्याकडे यायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. करार एका धोक्याचा होता आणि माथी मारला गेला तो दुसराच.

आपल्या दहीहंडीतही हाच प्रश्न आहे. गोविंदा पैशांसाठी चढत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. गुरुपौर्णिमेपासून रात्री जागून सराव करणाऱ्या पथकांत जी माया आणि शिस्त असते ती पैशांनी येत नाही, आणि लाखांचं बक्षीस शेकडो जणांत वाटलं की हातात फारसं पडतही नाही. पण थर वाढले ते बक्षिसांमुळेच. २०१२ साली ठाण्यात नऊ थरांचा विक्रम झाला आणि २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले. उंची वीस फुटांपेक्षा जास्त नको, असं २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. २०१७ साली उंचीचा निर्णय सरकारवर सोपवला गेला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई राहिली. आता सरकार विमा देतं, मृत्यू झाल्यास दहा लाख. पण रक्कम आयोजक जाहीर करतो, थर पथक ठरवतं, आणि पडतो तो वरचा पोरगा. आणखी एक थर लावायचा की नाही, यात त्याचा शब्द शेवटचा असायला हवा आणि तो पाळला गेला पाहिजे.

आणि मग गटारं. स्मिथ यांच्या नियमाप्रमाणे गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्याची मजुरी सर्वांत जास्त असायला हवी. काम घाणेरडं, विषारी वायूचं, आणि आत धैर्याचा उपयोग शून्य. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात. प्रत्यक्षात या कामाला काहीशे रुपये मिळतात. नियम इथे का मोडतो? कारण तो एका गृहीतावर उभा आहे: माणसाला दुसरं काम धरता येतं, म्हणून मालकाला मजुरी वाढवावी लागते. जातीने ज्यांच्यासाठी इतर दारं बंद केली, त्यांच्या बाबतीत ते गृहीतच खोटं आहे. इथे धोका विकला जात नाही, तो लादला जातो.

या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाख केली. गोवंडीत २०१९च्या अखेरीस सेप्टिक टँक साफ करताना तिघांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नींना न्यायासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२१ साली न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश सरकारला दिला. भरपाईची रक्कम वाढणं आवश्यकच आहे. कारण माणूस मरणं ठेकेदाराला आणि पालिकेला महाग पडू लागलं, तरच यंत्र स्वस्त वाटू लागतं. पण ती रक्कम मरणानंतर येते. आत उतरण्याआधी त्या माणसाला कुणी काळ्या गोळीचा प्रश्न विचारलेला नसतो.

म्हणून पैशांच्या आकड्यापेक्षा मला धोका कमी करण्याच्या प्रयत्नांत जास्त रस वाटतो. खुंबूतच त्याची सुरुवात झाली आहे. एप्रिल २०२४मध्ये तिथे सामान वाहणाऱ्या ड्रोनची चाचणी झाली. पंधरा किलो ओझं घेऊन ड्रोन बेस कॅम्पवरून सहा हजार मीटर उंचीवरच्या कॅम्प एकला गेला आणि येताना कचरा घेऊन आला. ये-जा मिळून बारा मिनिटं लागली. त्याच वाटेला शेर्पाला सहा ते आठ तास लागतात, आणि तो सगळा वेळ बर्फाच्या त्या सुळक्यांखाली जातो. २०२५च्या हंगामात आइसफॉल डॉक्टरांना शिड्या आणि दोर पोचवायलाही ड्रोन वापरले गेले. आता ज्यांना ओझ्यामागे पैसे मिळतात, त्यांच्या कमी झालेल्या फेऱ्यांच्या मजुरीचं काय, हा वाद उभा राहणार आहे आणि तो व्हायलाच हवा. ड्रोन चालवणं, त्यांची देखभाल, हवामान पाहून उड्डाणाचा निर्णय घेणं, ही नवी कामंही पगाराचीच आहेत. ती थामे आणि खुमजुंगसारख्या गावांतल्या मुलांकडे जावीत, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च एव्हरेस्टच्या परवान्याच्या शुल्कातून व्हावा. २०२५ साली ते शुल्क ११,००० डॉलरांवरून १५,००० डॉलर झालं आहे.